हिबिकी, निक्का की तोकी? आधी ग्लासात काय ओतणार ते सांगा

भाच्याचा मेसेज आला : "मामा, सिंगापूरला ड्यूटी फ्रीत उभा आहे. जपानी व्हिस्की आणू का? कुठली? पटकन सांग, अर्ध्या तासात बोर्डिंग." सोबत फडताळाचा फोटो. पंधरा-वीस बाटल्या, निम्म्यांवर डोंगर, चेरीची फुलं नाहीतर तलवार उपसलेला सामुराई. मी उलटा प्रश्न टाकला, "तुम्ही पोरं ती कशात घालून पिणार?" त्याला वाटलं मामा चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. जपानी ब्लेंड घ्यायची म्हटलं की लोक वय (म्हणजे ती पिंपात किती वर्षं मुरली ते) विचारतात, किंमत विचारतात, "स्मूद आहे ना?" असं हमखास विचारतात. ग्लासात पुढे पाणी पडणार, सोडा पडणार की काहीच नाही, हे कोणी विचारत नाही. निकाल मात्र तिथेच लागतो. एकाच घरातल्या एकाच टेबलावर तीन बाटल्या ठेवून पाहिल्या तेव्हा मला हे पटलं. त्याआधी मीही वय आणि किंमतच बघत होतो.

त्या तीन बाटल्या म्हणजे हिबिकी जॅपनीज हार्मनी, निक्का फ्रॉम द बॅरल आणि सनटोरी तोकी. तिन्ही ब्लेंडेड, तिन्हींवर वय छापलेलं नाही. किमतीच्या उतरंडीत साधारणपणे हिबिकी वर, निक्का मधे, तोकी खाली. रुपयांचे आकडे देत नाही, कारण आपल्याकडे दारूवरचा कर राज्याराज्यात वेगळा. पुण्याचा भाव पणजीला सांगितला तर लोक हसतात.

पहिल्यांदा "ब्लेंडेड" या शब्दाचं किटाळ दूर करू. आपल्याकडे सिंगल माल्ट म्हणजे खानदानी आणि ब्लेंडेड म्हणजे जवळजवळ भेसळ, असा समज पक्का बसलाय. माल्ट व्हिस्की निव्वळ मोड आणलेल्या जवाची, तांब्याच्या पोटमोठ्या भांड्यांतून थोडी थोडी काढलेली. ग्रेन व्हिस्की मुख्यतः मक्याची, उंच खांबासारख्या यंत्रातून अखंड वाहत आलेली, अंगाने हलकी, गोडसर. दोन्ही पिंपात मुरतात आणि मग एकत्र येतात, ते ब्लेंड. घरचा गोडा मसाला आठवा. दगडफूल कुणालाच वेगळं ओळखू येत नाही, पण ते राहिलं तर आमटी पहिल्या घासाला चुगली करते. माल्टच्या गर्दीत ग्रेन हे काम करते.

जपानची गोष्ट आणखी एका कारणाने निराळी. स्कॉटलंडमध्ये एकमेकांचे स्पर्धक पिंपांची देवाणघेवाण करतात. तुझी धुरकट दे, माझी फळांच्या वासाची घे, असा व्यवहार पिढ्यानपिढ्या चालत आलाय. जपानी कंपन्यांत ही रीत परंपरेने नव्हती. त्यामुळे प्रत्येक घराण्याला सगळा मसाला आपल्याच स्वयंपाकघरात कुटावा लागला. एकाच डिस्टिलरीत वेगवेगळ्या घडणीची भांडी, वेगवेगळी यीस्ट, वेगवेगळी पिंपं. साहजिकच जपानी ब्लेंडला एका घरच्या हाताची चव असते, आणि ते घर कुठलं हे कळलं की अर्धी निवड झालीच.

दोन घरं, एक जुना काडीमोड

घरं दोन. शिंजिरो तोरी यांनी १८९९ मध्ये ओसाकात वाइनचा धंदा सुरू केला, त्याचीच पुढे सनटोरी झाली. मासाताका ताकेत्सुरू हा हिरोशिमाजवळच्या ताकेहाराच्या साके गाळणाऱ्या कुटुंबातला मुलगा. १९१८ मध्ये तो स्कॉटलंडला गेला, डिस्टिलऱ्यांत हाताने काम करून धंदा शिकला आणि १९२० मध्ये रिटा कोवान या स्कॉटिश मुलीशी लग्न करून परतला. तोरींनी त्याला नोकरीवर घेतलं आणि क्योतो-ओसाकाच्या मधे यामाझाकीला १९२३ मध्ये जपानची पहिली माल्ट डिस्टिलरी उभी राहू लागली.

दोघांचं एकाच गोष्टीवर जमेना. ताकेत्सुरूला स्कॉटलंडसारखी धुरकट, भारदस्त व्हिस्की हवी होती. तोरींना जपानी जेवणाशेजारी बसणारी, जिभेवर दादागिरी न करणारी. १९२९ मध्ये पहिली बाटली, शिरोफुदा, बाजारात आली आणि लोकांनी नाक मुरडलं. धूर फार झाला होता. तोरींनी धडा घेतला, १९३७ मध्ये काकुबिन काढली, ती चालली, आजही चालते. तोवर ताकेत्सुरू बाहेर पडला होता. १९३४ मध्ये त्याने पार उत्तरेला, होक्काइदोतल्या योइचीला स्वतःचं बस्तान मांडलं. व्हिस्की मुरेपर्यंत पोट भरायला सफरचंदाचा रस विकला. त्या रसाच्या कंपनीच्या नावातली दोन अक्षरं उचलून निक्का हे नाव झालं.

हा इतिहास ग्लासात अजून जिवंत आहे, म्हणून सांगितला. योइचीला भांड्यांखाली आजही दगडी कोळशाचा विस्तव असतो. आच कमीजास्त होते, तळाला किंचित लागतं, आणि त्या लागण्याची खमंग चव स्पिरिटमध्ये उतरते. चुलीवरचं पिठलं आणि गॅसवरचं पिठलं यांतला फरक ज्याला कळतो त्याला हा मुद्दा समजावून सांगायला नको. निक्काची दुसरी डिस्टिलरी मियागिक्यो, १९६९ ची, सेंदाईजवळ. तिथे वाफेची मऊ आच आणि चव फळाफुलांकडे झुकलेली. सनटोरीकडे यामाझाकी, १९७३ ची डोंगरातली हाकुशू आणि ग्रेन गाळणारी १९७२ ची चिता. हो, नाव चिताच. आपल्या कानाला अशुभ, पण तिकडचं ते साधं गावाचं नाव.

हिबिकी

हिबिकी म्हणजे नाद. मराठीत या शब्दाला जो दुसरा अर्थ आहे तोही या बाटलीला लागू पडतो. लागला की लागला.

सनटोरीने आपल्या नव्वदाव्या वर्षी, १९८९ मध्ये, हे नाव काढलं. बाटलीला चोवीस पैलू, जपानी पंचांगातल्या चोवीस लहान ऋतूंचे. बुचाचं वजनच असं की काढताना माणूस आपोआप सावकाश होतो. पूर्वी १२ आणि १७ वर्षांच्या बाटल्या सहज मिळत. जगाने जपानी व्हिस्की डोक्यावर घेतली आणि मुरलेला साठा पुरेना. १२ वर्षांची बंद झाली, १७ ची विक्री २०१८ मध्ये थांबली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, वय न सांगणारी हार्मनी पुढे आली. २१ आणि ३० वर्षांच्या आजही आहेत, पण त्यांच्या मागे लागू नका. त्यांचा भाव आता चवीचा उरलेला नाही, मिरवण्याचा झालाय.

हार्मनीत यामाझाकी आणि हाकुशूची माल्ट, चिताची ग्रेन. जोर, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, ४३ टक्के. नुसती घेतली तर आधी गुलाबपाकळी, लिची, मग मध, मग साखरेत पाकवलेल्या संत्र्याच्या सालीची किंचित कडवट गोडी. जिभेवर लोण्यासारखी पसरते. सगळं एका पातळीवर, कुणीही आवाज चढवत नाही.

आणि मग मिझुनारा. हा जपानी ओक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून पिंपं येईनात म्हणून नाइलाजाने वापरलेलं लाकूड. झाड पिंपालायक व्हायला दोनेकशे वर्षं लागतात, लाकूड वेडंवाकडं, पिंप गळकं. सुरुवातीला ब्लेंडर मंडळी त्याच्या उग्र वासाला वैतागली होती. पण पिंप बराच काळ तसंच राहू दिलं की त्यातून चंदन आणि अगरूचा वास येऊ लागतो. हार्मनीत मिझुनाराचा हात आहे, पण चिमूटभर. माझी बायको व्हिस्की पीत नाही. नाक मात्र आमच्या घरात तिचंच. ग्लास तिच्यासमोर धरला, तर दुसऱ्या हुंगण्याला म्हणाली, "सहाण धुतल्यावर येतो तसा वास आहे." सहाणेवर चंदन उगाळून झालं, खोड धुऊन ठेवलं, ओल्या दगडाला जो उरलासुरला वास असतो, अगदी तो. मी दहा मिनिटं "लाकूड, लाकूड" करत बसलो होतो.

आता दोष. घोट गिळल्यावर हिबिकी लवकर आवरतं घेते. उत्तम गाणं, पण आलाप सुरू झाला म्हणेतो समेवर येऊन थांबलं. दुसरं, तिला सोबत सोसत नाही. बर्फाचा एक मोठा खडा घातला की गुलाब गेला. सोडा ओतला की चंदन, संत्रं सगळं वाहून जातं आणि मागे राहतो एक महागडा गोड सोडा. शेजारी मसाला शेंगदाणे असतील तर तेवढेही पैसे वाया. ज्याच्या बैठकीत चकण्याच्या चार वाट्या आणि सोड्याच्या सहा बाटल्या असतात, त्याने हिबिकी घेऊ नये. घेतलीच तर जेवणाआधी अर्धा तास, तीस मिली, उकाड्याच्या दिवशी फार तर चार थेंब पाणी, आणि टीव्ही बंद.

फ्रॉम द बॅरल

ही बाटली पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं शाईची दौत आहे. बुटकी, चौकोनी, ५०० मिलीची (अमेरिकेत ७५०). १९८५ पासून बाजारात, आणि जोर ५१.४ टक्के.

नावावरून पुष्कळ जण समजतात की एकाच पिंपातून थेट भरली असेल. तसं नाही. योइची आणि मियागिक्योची माल्ट व ग्रेन एकत्र करतात, ते मिश्रण पुन्हा पिंपांत भरून काही महिने ठेवतात आणि मगच बाटलीत घालतात. या ठेवण्याला धंद्यात "मॅरेज" म्हणतात. आपण सोयरीक म्हणू. लग्नाच्या मांडवात दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे पाठ करून बसतात, वर्षभराने एका ताटात जेवतात, तसंच. त्यानंतर जवळजवळ पाणी न घालता भरतात, म्हणून जोर असा. ग्रेन गाळायला निक्काने १९६३ मध्ये स्कॉटलंडहून जुन्या पद्धतीचं कॉफी यंत्र आणलं. कॉफी हे संशोधकाचं आडनाव, पेयाशी संबंध नाही. हे यंत्र मक्याची चव बरीचशी राखून ठेवतं, त्यामुळे निक्काची ग्रेन चितापेक्षा गुबगुबीत लागते.

नुसती प्यायलात तर पहिला घोट जिभेला चटका देतो. मी मुद्दाम सगळ्यांना हा घोट आधी घ्यायला लावतो आणि चेहरे बघतो. मग पाणी. इथे चमच्याचा हिशेब उपयोगी पडतो : तीस मिलीत चहाचा एक चमचा आणि वर थोडं, म्हणजे साधारण सहा मिली पाणी घातलं की जोर ४३ वर येतो, हिबिकीच्या बरोबरीला. साडेआठ मिली घातलं की चाळिसावर. हा चमचा घातल्यावर जे होतं ते पाहण्यासारखं आहे. आधी नुसती धग आणि जळकी साखर होती. मिनिटभराने दालचिनी, लवंग, संत्रं, मग चिक्कीच्या गुळाचा पाक उतरवताना येतो तो कडेचा करपूस वास, आणि सगळ्यात शेवटी पुसट धूर. गिळल्यावरही पाच मिनिटं तोंडात काहीतरी चालू असतं.

पाणी साधं, बिनवासाचं हवं. आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने एकदा पूर्ण पेग खडूसारखा लागला होता. फिल्टरचं चालतं.

गरम पाण्यातही ही एकच उभी राहते. जपानात थंडीत एक भाग व्हिस्कीला दोन-तीन भाग गरम पाणी घालून पितात, ओयुवारी म्हणतात. डिसेंबरात पुण्यात पहाटे नाही पण रात्री दहाला खिडकी लावून बसलं की हे पेय कळतं. कपावर नाक नेतानाच लवंगेचा वास डोळ्यांत जातो. हिबिकीला गरम पाणी घालून पाहिलं. मधाचं पाणी झालं.

दोष? अधीर माणसाची ही बाटली नव्हे. ज्याला मोजायचा, थांबायचा कंटाळा, त्याला ती फक्त तिखट लागेल. आणि देखणेपणात ती हिबिकीपुढे गरीब. साहेबांच्या निवृत्तीला द्यायची तर लोक विचारतील, "एवढीच?"

जपानी आहे का पण?

भाच्याने पाठवलेल्या फोटोतल्या सामुराईकडे वळतो. मी एकदा अशीच एक बाटली विमानतळावरून आणली होती. लेबलवर किल्ला, तलवार, सुलेखन, सगळा थाट. घरी भिंगातून मागचं लेबल वाचलं तेव्हा कळलं की त्यात डिस्टिलरीचं नावच नाही. चव बरी होती. फसवलं गेल्याची चव त्याहून जास्त होती.

यामागचं कारण साधं. जपानच्या कायद्याने परदेशातून पिंपंच्या पिंपं व्हिस्की आणून, जपानात बाटलीत भरून विकायला आडकाठी नव्हती. अखेर तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने स्वतःच नियम केले. ते १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि जुळवून घ्यायला ३१ मार्च २०२४ पर्यंत मुदत होती. "जपानी व्हिस्की" म्हणायचं तर मोड आणलेलं धान्य हवंच, पाणी जपानचं, आंबवणं आणि गाळणं जपानात, ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षं जपानातच मुरवणं, बाटलीत भरणंही तिथेच, आणि जोर चाळीसच्या खाली नको. हा कायदा नव्हे, सभासदांनी स्वतःवर घालून घेतलेलं बंधन आहे.

या कसोटीला हिबिकी उतरते, तोकीही उतरते. फ्रॉम द बॅरल उतरत नाही. निक्काने हे लपवलेलं नाही, स्वतःच जाहीर केलंय. स्कॉटलंडची बेन नेविस डिस्टिलरी १९८९ पासून निक्काच्या मालकीची आहे, तेव्हा काय तो अंदाज बांधा. म्हणजे तिघींत सगळ्यात बोलकी व्हिस्की कागदोपत्री पूर्ण जपानी नाही. मला याचा त्रास होत नाही. ताकेत्सुरूचा सगळा जन्मच अर्धा स्कॉटलंडात गेलेल्या मनाने योइचीत काढलेला, त्याच्या घरच्या बाटलीत थोडं स्कॉटलंड निघालं तर नवल काय. पण तुम्हाला "अस्सल जपानी" अशीच भेट द्यायची असेल तर हा मुद्दा डोळ्याआड करू नका, घेणारा हल्ली मोबाईलवर शोधतो.

जाता जाता, महाराष्ट्रातल्या दुकानांत ओकस्मिथ दिसते. ती सनटोरीचे मुख्य ब्लेंडर शिंजी फुकुयो यांच्या हातची, २०१९ च्या शेवटी पहिल्यांदा महाराष्ट्रात आणि तेलंगणात आली. तिच्यावर जपानी नजर आहे, पण आत स्कॉच माल्ट आणि अमेरिकन बर्बन आहे. दुकानदार "जपानीच आहे साहेब" म्हणाला तर मान डोलवा आणि पुढे चला.

तोकी, म्हणजे सोड्याची

तोकीचा अर्थ काळ. २०१६ मध्ये सनटोरीने ती काढली तीच मुळी अमेरिका आणि कॅनडासाठी. हिच्यात हाकुशूची माल्ट आणि चिताची ग्रेन पुढे, यामाझाकी मागे. ४३ टक्के. नुसती प्यायली तर हिरवं सफरचंद, थोडी पुदिन्याची झाक, शेवटी आलं-मिरी, आणि बास. पातळ वाटते. पहिल्यांदा मी तिला नापास केलं होतं.

नंतर कळलं की परीक्षाच चुकीची घेतली. उंच ग्लास काठोकाठ बर्फाने भरायचा, तीस मिली व्हिस्की, चमच्याने ढवळून ग्लास गार होऊ द्यायचा, मग फ्रीजमधला थंडगार सोडा, साडेतीन-चार पट, बर्फावर न आपटता कडेने. एकदाच हलक्या हाताने ढवळायचं. लिंबाची साल पिळून वर टाकायची, रस नको. हा जपानी हायबॉल. काकुबिनवर हाच प्रकार घालून सनटोरीने २००८-०९ च्या सुमारास तरुणांना पुन्हा व्हिस्कीकडे वळवलं. सोड्यात तोकी फुलते. सफरचंद पुढे येतं, आलं मागून झोंबतं, आणि बोंबील फ्रायच्या तुकड्यामागून एक घोट घेतला की तोंड धुऊन निघाल्यासारखं होतं. कांदाभजीबरोबरही तेच. तोरींनी शंभर वर्षांपूर्वी जेवणाशेजारची व्हिस्की मागितली होती, ती खरी इथे भेटते.

सोडा कडक हवा. उघडून ठेवलेली दोन लिटरची बाटली चालणार नाही, लहान बाटल्या घ्या. गोटी सोडा मिळाला तर गंमत म्हणून वापरून पाहा. ती गोटीची बाटली एकोणिसाव्या शतकातल्या हायरम कॉड या इंग्रजाची, आणि जपानातही अजून जिवंत आहे, तिकडे तिच्यातून रामुने नावाचं गोड पेय विकतात. आणि बर्फ! फ्रीजरमध्ये शेजारी कोळंबी ठेवली असेल तर हायबॉलला कोळंबीचा वास येणारच, मग व्हिस्कीला दोष देऊ नका. आमच्याकडे हे घडलंय. पाहुण्यांनी "समुद्राची चव येतेय" म्हणून तारीफही केली.

झाकून घेतलेली एक परीक्षा

एका शनिवारी मी, मेहुणा आणि वरच्या मजल्यावरचे काका बसलो. तीन ग्लास, खाली रंगीत रबर, कुठला रंग कुणाचा हे फक्त बायकोला माहीत. चहाचे कटिंगचे ग्लास वापरू म्हटलं होतं, पण त्यांचं तोंड वर पसरलेलं, वास उडून जातो. म्हणून वाइनचे छोटे, तोंडाशी निमुळते ग्लास घेतले.

पहिली फेरी नुसती. तिघांनीही हिबिकीला पहिला नंबर दिला, नाव न कळता. मेहुण्याने निक्काला "खोकल्याचं औषध" म्हटलं. दुसरी फेरी, चमचाभर पाणी. हिबिकी खाली घसरली, निक्का वर गेली. काका तर तीच पुन्हा मागू लागले आणि ही मघाचीच खोकल्याची आहे हे ऐकून हिरमुसले. तिसरी फेरी सोड्याची. इथे तोकी एकमताने पहिली, निक्का दुसरी, आणि हिबिकीचा ग्लास अर्धा तसाच राहिला. त्या अर्ध्या ग्लासाकडे बघून मला पैशांचा हिशेब सुचला.

हिशेब

निक्का लहान म्हणून महाग वाटते. पण ५०० मिली ५१.४ टक्क्यांनी म्हणजे २५७ मिली शुद्ध अल्कोहोल. ७०० मिली ४३ टक्क्यांनी ३०१. निक्काला ४३ वर आणलं तर ५०० ची बाटली साधारण ५९८ मिलीची होते. म्हणजे शेजारच्या बाटलीपेक्षा ती शंभर मिलीनेच लहान, दोनशेने नव्हे. दर बघताना हा शंभराचा फरक धरा. पेग मात्र त्याच बेताने लहान भरा, नाहीतर हिशेब जिभेला कळतो आणि डोक्याला सकाळी.

तेव्हा कुणाला काय? रोज नाही, महिन्यातून दोनदा, शांतपणे, एकटा किंवा दोघं, आणि नुसती पिणारा असाल तर हिबिकी. भेट द्यायची असेल तरीही हिबिकी, त्यात दुमत नको. चार मित्र, भजी, मासे, गप्पा, सोडा असं चित्र असेल तर तोकी, आणि ती मिळाली नाही तर काकुबिन. व्हिस्की म्हणजे काय हे स्वतःच्या जिभेवर शिकायचं असेल, पाणी थेंबाथेंबाने घालून बदल बघायचा असेल, तर फ्रॉम द बॅरल. माझ्या कपाटात एकच राहू द्या म्हणाल तर मी हीच ठेवीन. ती नुसती, पाण्यात, गरम पाण्यात, सोड्यात, चारही जागी तग धरते. बाकीच्या दोघी एकेका जागेच्या राण्या.

भाच्याला हे सगळं लिहिण्याइतका वेळ नव्हता. "सोडा" असं त्याचं उत्तर आलं, म्हणून मी "तोकी" असं लिहिलं. दोन मिनिटांनी पुन्हा मेसेज : "मामा, ७०० आणि ७०० आणि ५००. एकोणीसशे होतात. कस्टममध्ये दोन लिटर चालतात ना?" चालतात. वयाचं विचारायची गरज नव्हती, महाराष्ट्रात कडक दारूला लागतात ती पंचवीस वर्षं त्याने मागच्याच वर्षी पुरी केलीत. "पैसे कोण देणार?" मी विचारलं. त्यावर निळ्या दोन टिका आल्या आणि पुढे काही नाही. विमान सुटलं असावं.